अंकुशच्या गळ्यातला रॉक

१९७८ साली पुण्याच्या थिएटर अकॅडमीनं ‘तीन पैशाचा तमाशा’ रंगमंचावर आणलं. बेर्टोल्ट ब्रेख्टचं शब्दांकन आणि कुर्ट वाइलचं संगीत असलेला ‘थ्री पेनी ऑपेरा’ १९२८ मध्ये बर्लिनला झाला होता. त्याला पु. ल. देशपांडे यांनी मराठी रूप दिलं, दिग्दर्शन डॉ. जब्बार पटेल यांनी केलं. या एका नाटकाला संगीतकार तीन होते: भास्कर चंदावरकर, आनंद मोडक आणि नंदू भेंडे. अंकुश हा त्यातला नायक, गुन्हेगारांचा म्होरक्या. त्याची भूमिका करणारे नंदू भेंडे स्वतःच्या चाली स्वतःच गात होते. शेजारी तमाशाचा बाज, नाट्यपदाची वळणं, आणि अंकुश तोंड उघडतो तेव्हा थेट पाश्चात्त्य रॉक.

मराठी संगीताचा इतिहास सांगताना आपण ओवी-अभंग, लावणी, नाट्यगीत, भावगीत, चित्रपटगीत असा एक मळलेला रस्ता धरतो. रॉकची वाट या रस्त्याला कुठे मिळाली, असं कुणी विचारलं तर मी या नाटकाकडे बोट दाखवीन. कारण अंकुशच्या गळ्यातला तो आवाज एका रात्रीत आलेला नव्हता. त्याच्यामागे मुंबईतल्या बँडांची दहा वर्षं उभी होती, आणि त्या दहा वर्षांची नोंद मराठीत फारच तुटपुंजी आहे.

या बँडांच्या काळात जगभर घुमलेला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणजे काय, हे आमच्या पेठ वडगावातल्या माणसाला सांगणं मला मुळीच अवघड वाटत नाही. सेनापती धनाजी जाधवांच्या समाधीचं हे गाव. इथं भजनी मंडळं आहेत, मिरवणुकीत हलगी आहे, गणपतीला बेंजो आहे. आणि कोल्हापूर हाकेच्या अंतरावर असल्यानं देवल क्लबच्या मैफलींची, अल्लादियाखाँसाहेबांची नावं घराघरांत ऐकलेली असतात. शाहू महाराजांनी ज्यांना दरबारी गायक म्हणून मान दिला, त्या खाँसाहेबांची गायकी उलगडायला वेळ मागणारी. ७८ आरपीएमच्या तबकडीत एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची. खाँसाहेबांच्या शिष्या केसरबाई केरकरांना तबकडीसाठी गाताना अख्खा राग एवढ्याशा वेळात बसवावा लागला. मैफलीत त्याच रागाला त्या पाऊण-एक तास देत.

इंग्लंडमधल्या पोरांपुढे साठच्या दशकात हीच अडचण होती. त्यांची रेडिओवरची गाणीही तीन मिनिटांचीच. मग एलपी रुळली, एका बाजूला वीसेक मिनिटं मोकळी मिळाली, आणि काही तरुणांना वाटलं की एवढी जागा आहे तर एकच मोठी रचना का बांधू नये? १९६९ मध्ये किंग क्रिम्झनची पहिली एलपी आली. १९७२ मध्ये जेथ्रो टलनं ‘थिक अॅज अ ब्रिक’ केली. तबकडीच्या दोन्ही बाजू मिळून एकच गाणं. त्याच वर्षी ‘येस’नं ‘क्लोज टू द एज’मध्ये एक अख्खी बाजू एका रचनेला दिली. १९७३ मध्ये पिंक फ्लॉइडची ‘द डार्क साइड ऑफ द मून’ आली आणि हा प्रकार जगभर पोचला.

लांबीचं आणि तालाचं पाश्चात्त्य श्रोत्याला जे अप्रूप वाटलं, ते आपल्याला वाटण्याचं कारण नव्हतं. पिंक फ्लॉइडचं ‘मनी’ सात मात्रांत चालतं. रूपक ज्याच्या हातात बसलाय त्यानं मांडीवर ताल धरून बघावं: तीं तीं ना, धीं ना, धीं ना. आवर्तन बरोबर भरतं. सॅक्सोफोनचा तुकडाही सातातच आहे. मग गिटार पुढे येतं तेव्हा गाणं सरळ चाराच्या चालीवर पडतं, आणि गिटारचं सांगून झालं की पुन्हा सातावर येतं. पहिल्यांदा ऐकताना तबलजीचा हात इथं हमखास अडखळतो, दुसऱ्यांदा त्याला ती जागा कळते. युरोप-अमेरिकेतल्या कित्येक श्रोत्यांना मात्र सात मात्रा मोजणं हाच एक विक्रम वाटला होता.

आपल्याला खरोखर नवं होतं ते वेगळं. विजेवर वाढवलेला आवाज हे एक. एका वेळी वाजणाऱ्या सुरांचे थर हे दुसरं. आणि सगळ्यांत मोठं नवेपण म्हणजे रचनेची मालकी चार-पाच जणांची असणं. आपल्याकडे मैफल एका गवयाची असते, बाकीचे साथीला. इथं ड्रम वाजवणारा आणि की-बोर्डवाला हेही रचनेचे तेवढेच धनी. मला या संगीतातली ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटते, आणि ती नाटकाच्या जातीची आहे, हेही इथंच नोंदवतो.

मुंबईकडे वळण्याआधी पाचगणीचं नाव घ्यायला हवं. वडगावजवळच्या वाठारला पुणे-बंगळूर महामार्ग लागतो. तो धरून साताऱ्याच्या पुढे गेलं की वाईमार्गे पाचगणीला जाता येतं. तिथल्या सेंट पीटर्स शाळेत झांझिबारहून आलेला फारुख बलसारा नावाचा पारशी मुलगा पन्नासच्या दशकात वसतिगृहात राहत होता. १९५८ च्या सुमारास त्यानं चार शाळासोबत्यांबरोबर ‘द हेक्टिक्स’ हा बँड काढला. तो पियानो वाजवायचा. हाच पुढे लंडनमध्ये फ्रेडी मर्क्युरी झाला. १९७० मध्ये उभ्या राहिलेल्या त्याच्या ‘क्वीन’ बँडच्या पहिल्या दोन एलपींवर प्रोग्रेसिव्ह रॉकची छाया गडद आहे. त्याचं पुढचं कर्तृत्व इंग्लंडमधलं. ते ओढूनताणून आपलं म्हणण्यात अर्थ नाही. मात्र बँड करून वाजवायचा पहिला सराव त्यानं सातारा जिल्ह्यात केला, हे खरं आहे.

मुंबईत इंग्रजी गाणी वाजवणाऱ्या मंडळींचा पाया गोव्याच्या वादकांनी घातलेला होता. हॉटेलांतले जॅझ बँड त्यांचे, हिंदी सिनेमाच्या ध्वनिमुद्रणातली व्हायोलिनं आणि ट्रम्पेटंही मुख्यतः त्यांचीच. साठच्या दशकात पुढची पिढी गिटारकडे वळली. कॉलेजांतून बँड निघाले. त्यांत गोवेकर आणि पारशी मुलं होती, तशीच दादर-गिरगावातली मराठी मुलंही. ‘द सॅव्हेजेस’सारख्या बँडचं नाव झालं. पणजीहून मुंबईला आर्किटेक्चर शिकायला आलेला रेमो फर्नांडिस या बँडमध्ये वाजवून गेला. सिगारेट कंपनीनं भरवलेल्या ‘सिमला बीट’ स्पर्धेत गावोगावचे बँड उतरायचे. १९७० आणि १९७१ च्या स्पर्धांतल्या निवडक बँडांच्या एलपी निघाल्या. त्या काळचा आवाज कसा होता, याचा तो आज हाती असलेला थोडका पुरावा. कलकत्त्याहून निघणारं ‘ज्युनियर स्टेट्समन’ हे तरुणांचं साप्ताहिक या बँडांची छायाचित्रं छापायचं. १९७१ मध्ये लोणावळ्याजवळ मळवलीला ‘स्नेहयात्रा’ नावाचा रॉक महोत्सव झाला. कार्ल्या-भाज्याच्या लेण्यांच्या पायथ्याशी लांब केस वाढवलेली पोरं गिटारी घेऊन जमली होती.

बाहेरच्या जगाशी मुंबईचा संबंध तुटलेला नव्हता. बीटल्समधला जॉर्ज हॅरिसन जानेवारी १९६८ मध्ये इथल्या एचएमव्ही स्टुडिओत येऊन आपल्या वादकांकडून ‘वंडरवॉल’ चित्रपटाचं संगीत वाजवून घेऊन गेला. १९७२ मध्ये लेड झेपेलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट आले. त्यांनी मुंबईच्या वादकांसोबत आपली दोन गाणी नव्यानं ध्वनिमुद्रित केली. ती तब्बल २०१५ मध्ये अधिकृतपणे बाहेर आली. त्याच मुक्कामात हे दोघे कुलाब्याच्या ‘स्लिप डिस्क’ या छोट्याशा क्लबात गेले आणि तिथल्या वादकांबरोबर वाजवत बसले.

बँडांची रोजची लढाई मात्र साध्या वस्तूंसाठी होती. परदेशी गिटार किंवा अॅम्प्लिफायर आणायचा म्हणजे जबर सीमाशुल्क. बोटीवरचा एखादा ओळखीचा खलाशी, परत चाललेला एखादा पर्यटक, यांच्याकडून सामान मिळवायचं. अॅम्प्लिफायर इथल्याच एखाद्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडून बांधून घ्यायचा. मूग सिंथेसायझर आणि मेलोट्रॉन ही प्रोग्रेसिव्ह रॉकची दोन लाडकी वाद्यं. ती विकत घेणं इथल्या पोरांच्या कल्पनेतही बसत नव्हतं. तबकडी कंपन्यांना या संगीतात बाजार दिसत नव्हता. क्लबात आलेल्या गिऱ्हाइकाला ओळखीची परदेशी गाणी हवी असायची. स्वतःची रचना वाजवायला बसलं की खुर्च्या रिकाम्या व्हायला लागायच्या. या बँडांनी इंग्लंड-अमेरिकेची नक्कल केली, असा ठपका आजही ठेवला जातो. तो ठेवणाऱ्यानं हे सगळं आधी लक्षात घ्यावं.

‘अॅटॉमिक फॉरेस्ट’ हा याच काळातला बँड. कीथ कांगा हा त्याचा कणा. हेंड्रिक्स आणि डीप पर्पल ही त्यांची दैवतं. त्यांची गाणी हे वाजवत, आणि मधे मधे स्वतःच्या रचना पेरत. वादक येत-जात राहिले. गायकांत मद्रासकडचा मधुकर धस होता, आणि काही काळ नंदू भेंडेही होते. ‘ऑब्सेशन ७७’ ही त्यांची एकमेव एलपी. नावात १९७७ आहे, पण ती बाजारात आली १९८१ मध्ये. तोवर बँडचे दिवस भरत आले होते. मुंबईच्या क्लबांत डिस्को शिरला होता, आणि तबकड्या लावून भागत असताना पाच वादकांना पगार देणं मालकांना परवडेनासं झालं होतं. पुढे तीस वर्षं या एलपीचं नाव जुन्या तबकड्या गोळा करणाऱ्यांपुरतं उरलं. २०११ मध्ये अमेरिकेतल्या ‘नाऊ-अगेन’ कंपनीनं ती, सोबत जुनी ध्वनिमुद्रणं जोडून, पुन्हा काढली तेव्हा परदेशी समीक्षकांनी कौतुकानं लिहिलं. ती ऐकताना मला गिटारपेक्षाही ड्रमची चाल धरून ठेवते. थोडी सैल, थोडी उतावीळ, रात्रीच्या तिसऱ्या खेळाला वाजवतात तशी.

नंदू भेंडे हे आत्माराम आणि आशा भेंडे यांचे चिरंजीव. बबन प्रभूंच्या ‘झोपी गेलेला जागा झाला’, ‘दिनूच्या सासूबाई राधाबाई’ या फार्सांनी महाराष्ट्राला लोळवून हसवणारे आत्माराम भेंडे मराठी रसिकाला वेगळे सांगायला नकोत. अशा घरातला मुलगा केस वाढवून ‘व्हेलव्हेट फॉग’ नावाच्या बँडमध्ये इंग्रजी गाणी गायला लागला. घरात नाटक आणि बाहेर रॉक. या दोन गोष्टींची गाठ १९७४ मध्ये पडली.

त्या वर्षी अॅलेक पदमसींनी मुंबईत ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’ केलं. अँड्र्यू लॉइड वेबर आणि टिम राइस यांचा हा रॉक ऑपेरा १९७० मध्ये आधी तबकडीच्या रूपात आला आणि मग रंगभूमीवर गेला. तबकडीवर येशू गायला होता डीप पर्पलचा इयन गिलन. एकच गोष्ट पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत गाण्यांतून सांगायची, ही कल्पना प्रोग्रेसिव्ह रॉकच्या मोठ्या एलपींशी सख्खं नातं सांगणारी. मुंबईच्या प्रयोगात मधुकर धस येशू झाले आणि नंदू भेंडे जुडास. जुडासची गाणी गळ्याची परीक्षा बघणारी आहेत. वरच्या पट्टीत ओरडायचं, तरी सूर सांडायचा नाही, आणि शब्दही कळले पाहिजेत. येशूवर प्रेम असूनही त्याला पकडून देणाऱ्या माणसाचा चडफडाट त्या ओरडण्यात ऐकू यायला हवा. क्लबातला गायक हे शिकत नाही. तिथं गाणं संपलं की विषय संपतो. इथं नंदूंना पात्र मिळालं, आणि गाणाऱ्याला ते का गायचं याचं कारण मिळालं.

दरम्यान पुण्यात वेगळंच काही शिजत होतं. १६ डिसेंबर १९७२ ला ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग झाला. त्याचं संगीत भास्कर चंदावरकरांचं. रविशंकरांकडे सतार शिकलेला, फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये संगीत शिकवणारा हा माणूस जगभरचं ऐकून बसलेला होता. त्यांनी कीर्तन, अभंग, लावणी, दशावतार यांचे रंग असे जोडले की संगीतच नाटक पुढे नेऊ लागलं. ‘घाशीराम’वरच्या वादळातून १९७३ मध्ये थिएटर अकॅडमी जन्माला आली. १९७४ मध्ये सतीश आळेकरांचं ‘महानिर्वाण’ आलं, आणि आनंद मोडकांनी कीर्तनाच्या अंगानं त्याचं संगीत बांधलं. गाणं हे नाटकाचं हाड असतं, हे या मंडळींना पक्कं ठाऊक होतं.

म्हणून ‘तीन पैशाचा तमाशा’ करताना जब्बार पटेलांनी एकाच संगीतकारावर न थांबता तिघांना एकत्र आणलं, याचं मला आश्चर्य वाटत नाही. कौतुक मात्र फार वाटतं. कुर्ट वाइलनं बर्लिनमध्ये हेच केलं होतं. रीतसर शास्त्रीय शिक्षण घेतलेल्या या संगीतकारानं कॅबरे, टँगो, जॅझ आणि चर्चची प्रार्थना एका ताटात वाढली, कारण नाटकातला समाजच तसा सरमिसळ होता. पु. लं.नी तो समाज मराठी केला. ते स्वतः संगीतकार, पेटीवर हात फिरणारे, नाट्यसंगीतात बुडालेले. गाण्याचे शब्द लिहिताना त्यांच्या कानात चाल असणारच. पुण्याच्या नाटकात पात्रागणिक संगीताची भाषा बदलते. माधुरी पुरंदरेंची झीलाबाई एका मातीतलं गाते, अंकुश दुसऱ्याच. अंकुश हा शहरी, आकर्षक, निर्लज्ज माणूस. सत्तरच्या दशकातल्या मराठी प्रेक्षकाला असा माणूस कुठल्या सुरात बोलेल असं वाटलं असतं? रॉकच्या. प्रेक्षकाला रॉकचं व्याकरण कळण्याची गरज उरली नाही; त्याला अंकुश कळला, आणि अंकुशबरोबर त्याचं संगीतही पोचलं.

मुंबईच्या बँडांना दहा वर्षांत जे जमलं नव्हतं, ते इथं झालं. ते वाईट वाजवत होते असं मुळीच नाही. पण त्यांचं गाणं परक्या भाषेत, परक्या अनुभवाचं होतं, आणि ऐकणारा कुलाबा-चर्चगेटच्या चार क्लबांतला होता. ‘थिक अॅज अ ब्रिक’ इंग्लंडमध्ये चाललं, कारण त्यातलं शाळामास्तरांचं आणि मध्यमवर्गीय घरांचं जग तिथल्या पोरांच्या अंगावरून गेलेलं होतं. नंदू भेंडेंना मराठीत तसं जग पु. लं.च्या शब्दांनी दिलं.

नाटकानंतर काय झालं? १९८२ च्या ‘डिस्को डान्सर’मध्ये बप्पी लाहिरींसाठी ‘कृष्णा धरती पे आजा तू’ हे नंदूंनी गायलं, आणि ते देशभर वाजलं. पुढे ते मुंबईत संगीतरचना करत, बीटल्सच्या काळातली गाणी रंगमंचावर गात राहिले. ११ एप्रिल २०१४ ला ते गेले. त्याच वर्षी मे महिन्यात आनंद मोडक गेले. चंदावरकर २००९ मध्येच गेले होते. आत्माराम भेंडे मुलाच्या मागे दहा महिने जगले आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये त्यांचंही निधन झालं. वृत्तपत्रांत नंदूंच्या नावापुढे ‘डिस्को डान्सर’चं गाणं ठळक आलं. मला तिथं अंकुश आधी हवा होता.

बँडची परंपरा मुंबईत चालू राहिली. १९८४ मध्ये ‘रॉक मशीन’ सुरू झाला. गिटारवर महेश तिनईकर, आणि पुढे गायला उदय बेनेगल. धोबी तलावच्या रंगभवनात १९८६ पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा महोत्सव भरू लागला, आणि आपल्या रचना वाजवणाऱ्या बँडांना उघड्यावर हजारोंचा श्रोता मिळाला. १९८८ मध्ये ‘रॉक मशीन’नं पहिला अल्बम केला तो स्वतःच्या गाण्यांचा, ‘अॅटॉमिक फॉरेस्ट’ला जे मिळालं नाही ते. १९९३ मध्ये बँडनं ‘इंडस क्रीड’ हे नाव घेतलं आणि ‘प्रिटी चाइल्ड’ या गाण्याच्या चित्रफितीला एमटीव्हीचं पारितोषिक मिळालं. वडगावात त्या सुमारास केबल आली होती. छपरावर पितळी थाळीएवढ्या नव्हे, चांगल्या खाटेएवढ्या डिश उभ्या राहिल्या आणि एमटीव्ही सुरू झाला की टीव्ही असलेल्या दुकानात गर्दी जमायची. त्या गर्दीत मीही होतो. ‘बेनेगल’, ‘तिनईकर’ ही आडनावं पडद्यावर वाचून एकदम जवळचं कुणी भेटल्यासारखं वाटायचं. गाण्याचे शब्द मात्र निम्मे कळायचे. १९९७ मध्ये ‘इंडस क्रीड’ थांबला, २०१० मध्ये पुन्हा जमला, आणि २०१२ चा ‘इव्हॉल्व्ह’ हा अल्बम ऐकला तर लक्षात येतं की ही मंडळी साध्या रॉककडून प्रोग्रेसिव्हच्या लांब, वळणावळणाच्या रचनांकडे सरकली आहेत.

त्यानंतर वर्षभरानं, २०१३ मध्ये, मुंबईच्याच ‘कोशिश’ बँडनं ‘फिरदौस’ काढला. एका माणसाची गोष्ट सगळ्या गाण्यांतून सलग सांगणारा प्रोग्रेसिव्ह रॉक अल्बम, आणि तो हिंदीत. मंगेश गांधी हा त्यांचा गायक. मला हा अल्बम ऐकताना सारखं ‘तीन पैशाचा तमाशा’ आठवत राहतं. सूर अगदी वेगळे आहेत. पण या मुलांनीही रॉकला आपली भाषा दिली आणि गाणाऱ्याला एक पात्र दिलं, पस्तीस वर्षांपूर्वी पुण्यात ठरलेल्या हिशेबानं. त्यांनी ते नाटक पाहिलं असेल असं मी म्हणत नाही. एवढंच म्हणतो की ज्या कोल्हापुरी मुलाला आज मराठीत चाळीस मिनिटांची एकच गोष्ट गिटार-ड्रमवर सांगायची असेल, त्यानं जेथ्रो टल आणि पिंक फ्लॉइड ऐकावेतच. पण तालमीला बसण्याआधी पु. लं.ची संहिता उघडून अंकुशची पदं झीलाबाईच्या पदांशेजारी ठेवून वाचावीत. एकाच नाटकात दोन माणसं दोन संगीतांत कशी बोलतात, हे तिथं पानावर दिसतं.